तगवणाऱ्यांचा पेशा

२ जून १९९५. बोस्नियाच्या आकाशात अमेरिकेचं एक एफ-१६ विमान क्षेपणास्त्रानं उडवलं गेलं आणि त्याचा वैमानिक स्कॉट ओ'ग्रेडी हवाई छत्रीनं शत्रूच्या मुलखात उतरला. पुढचे सहा दिवस तो दिवसा झाडोऱ्यात निपचित पडून राहिला आणि रात्री थोडा थोडा सरकला. पाला, गवत, मुंग्या खाल्ल्या. पावसाचं पाणी स्पंजनं टिपून प्लास्टिकच्या पिशवीत साठवलं. ८ जूनला मरीन सैनिकांच्या हेलिकॉप्टरनं त्याला उचललं. मायदेशी त्याचं वीरासारखं स्वागत झालं. हे सगळं त्याला आधी शिकवणाऱ्या प्रशिक्षकांची नावं विचारावीत, असं मात्र फारशा कुणाला वाटलं नाही.

रानावनात, बर्फात, वाळवंटात किंवा समुद्रात अडकलेल्या माणसानं मदत पोहोचेपर्यंत जिवंत कसं राहावं, हे शिकवणं अनेक देशांत पूर्ण वेळेचा पेशा आहे. अमेरिकी हवाई दलाची अशी शाळा वॉशिंग्टन राज्यातल्या फेअरचाइल्ड तळावर आहे. तगणं, शत्रूला चुकवणं, कैदेत टिकणं आणि निसटणं असा चौपदरी अभ्यासक्रम तिथे शिकवला जातो. भूदलाच्या अशाच अभ्यासक्रमाची घडी निक रो या अधिकाऱ्यानं बसवली. १९६३ मध्ये तो व्हिएतनाममध्ये पकडला गेला, पाच वर्षं कैदेत राहिला आणि १९६८च्या अखेरच्या दिवशी निसटला. जे त्यानं भोगलं होतं, त्याचाच पुढे पाठ झाला.

नागरी जगात या शिक्षणाची सुरुवात समुद्रावरच्या मृत्यूंमुळे झाली. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या ब्रिटिश व्यापारी जहाजं बुडवत होत्या. जीवरक्षक होड्यांमध्ये जुने खलाशी टिकून राहत आणि धडधाकट तरुण पोरं आधी हार मानत, असं जहाज कंपनीचे मालक लॉरेन्स होल्ट यांचं निरीक्षण होतं. त्यांनी शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांना साथ दिली आणि १९४१ मध्ये वेल्समधल्या अ‍ॅबरडोव्ही इथे 'आउटवर्ड बाउंड'ची पहिली शाळा उघडली. ताकदीपेक्षा आपण निभावून नेऊ शकतो या अनुभवाची गरज जास्त आहे, हे त्यामागचं गृहीतक होतं. आज जगभर चालणाऱ्या साहस शिबिरांचं मूळ शोधत गेलं, तर त्यातली बरीचशी या शाळेपाशी पोहोचतात.

अमेरिकेत हे बीज वाळवंटात रुजलं. लॅरी डीन ओल्सन हा आयडाहोचा तरुण आदिवासींची हत्यारं आणि विस्तव पाडण्याच्या रीती स्वतः करून पाहत शिकला होता. १९६८ मध्ये युटातल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठानं अभ्यासात मागे पडलेले विद्यार्थी त्याच्या हवाली केले आणि तो त्यांना महिनाभर वाळवंटात घेऊन गेला. परतलेल्या मुलांमधला बदल पाहून विद्यापीठानं पुढेही असे वर्ग चालवले. ओल्सननं पुस्तक लिहिलं, रॉबर्ट रेडफोर्डच्या 'जेरेमाया जॉन्सन' या चित्रपटाला सल्ला दिला आणि पुढे बिघडलेल्या मुलांसाठी ॲरिझोनात संस्था उभारली.

याच वाटेवर या पेशाची सर्वांत काळी पानंही आहेत. मुलांना 'सुधारण्या'साठी रानात नेणाऱ्या कार्यक्रमांचा अमेरिकेत धंदा झाला. १९९० मध्ये युटातल्या अशा कार्यक्रमांत दोन मुली दगावल्या. १९९४ मध्ये सोळा वर्षांचा एक मुलगा पोटाच्या आजारानं गेला. तो कळवळत होता आणि सोबतचे प्रशिक्षक त्याला सोंगाड्या समजत होते. २००६ मध्ये युटाच्याच वाळवंटात एक प्रौढ शिबिरार्थी तहानेनं कोसळून मेला. प्रशिक्षकांच्या पाठीवर आपत्कालीन पाणी होतं, पण ते त्याला दिलं गेलं नाही. कारण आपली आपण पाण्यापर्यंत मजल मारणं हाच अभ्यासक्रमाचा भाग होता.

या पेशाची अडचण नेमकी इथे आहे. हाल हाच इथला माल असतो. ग्राहक भूक, थंडी आणि दमणूक पैसे मोजून विकत घेतो. त्यामुळे कुरकुर कुठे संपली आणि खरं संकट कुठे सुरू झालं, हे ओळखणारा डोळा हीच प्रशिक्षकाची खरी पात्रता ठरते. काठीवर काठी घासून विस्तव पाडणं चिकाटी असेल तर कुणालाही जमेल. दात वाजणं थांबलंय, बोलणं अडखळतंय, म्हणजे थंडी शरीराच्या आतपर्यंत पोहोचली, हे अंधारात दहा जणांमधून हेरणं अवघड.

कॅनडाचे मोर्स कोहान्स्की या कसोटीला उतरलेले गुरू. पोलिश वंशाच्या शेतकरी घरात जन्मलेल्या कोहान्स्कींनी अल्बर्टा विद्यापीठात वर्षानुवर्षं शिकवलं आणि २०१९ मध्ये ते वारले. त्यांचा भर शौर्यावर नव्हता, उष्णतेच्या हिशेबावर होता. त्यांचा प्रसिद्ध निवारा म्हणजे समोर पारदर्शक प्लास्टिक, मागे उष्णता परतवणारं चकचकीत कापड आणि बाहेर जाळ. जाळाची ऊब प्लास्टिकमधून आत येते आणि मागच्या कापडावरून परतून माणसाला शेकते. उत्तरेच्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत अशा आडोशाला माणूस जाड पांघरुणाशिवाय रात्र काढू शकतो.

ब्रिटनमध्ये सैन्याच्या एसएएस तुकडीत २६ वर्षं काढलेल्या जॉन 'लॉफ्टी' वाइजमन यांचं १९८६चं पुस्तक घराघरांत पोहोचलं. रे मिअर्स यांनी १९८३ मध्ये 'वुडलोर' ही शाळा काढली आणि नंतर बीबीसीवर त्यांची मालिका गाजली. २०१० मध्ये नॉर्थम्ब्रियाच्या पोलिसांनी एका फरारी खुन्याचा माग काढायला त्यांचीच मदत घेतली.

मग आले बेअर ग्रिल्स. २००६ पासून 'मॅन व्हर्सेस वाइल्ड'नं या पेशाला तारांकित केलं. काही रात्री ते रानाऐवजी हॉटेलात झोपत, हे २००७ मध्ये उघड झालं आणि वाहिनीला खुलासा जोडावा लागला. भारतात ऑगस्ट २०१९ मध्ये कॉर्बेटच्या जंगलात पंतप्रधान नरेंद्र मोदींसोबत चित्रित झालेला भाग दाखवला गेला, तेव्हा शाळकरी पोरांनाही ग्रिल्सचं नाव ठाऊक झालं. कड्यावरून उड्या आणि वाहत्या नदीत झेप हे पडद्यावर दिसतं. वर्गात शिकवलं जातं ते बरोबर उलटं: वाट चुकली की थांबा, बसा, विचार करा, आडोसा करा, शिट्टी वाजवा आणि निघण्याआधी घरी वाट व परतीची वेळ सांगून ठेवा.

भारतात हा पेशा गिर्यारोहणाच्या पोटात वाढला. ४ नोव्हेंबर १९५४ रोजी दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट सुरू झाली. तिथल्या प्रत्यक्ष प्रशिक्षणाचे पहिले प्रमुख तेनसिंग नोर्गे. एव्हरेस्ट सर झाल्यावरही त्यांना शिकवण्याचं तंत्र शिकायला स्वित्झर्लंडला धाडलं गेलं होतं. १९६५ मध्ये उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट आली. आजचा रस्ता साधारण ठरलेला आहे: बेसिक, ॲडव्हान्स, दोन्हींत 'अ' श्रेणी, मग शिकवण्याच्या पद्धतीचा अभ्यासक्रम. त्याच्या जोडीला दवाखाना तासाभराहून दूर असताना करायच्या प्रथमोपचारांचं प्रमाणपत्र.

सविता कंसवाल याच वाटेनं आली. मे २०२२ मध्ये सोळा दिवसांच्या अंतरानं तिनं एव्हरेस्ट आणि मकालू ही दोन शिखरं गाठली. ४ ऑक्टोबरला द्रौपदी का डांडा शिखराजवळ हिमप्रपात कोसळला. नेहरू इन्स्टिट्यूटच्या प्रशिक्षणार्थींच्या तुकडीतले २९ जण गेले. त्यांत प्रशिक्षक म्हणून गेलेली सविता आणि तिची सहकारी नौमी रावत होत्या.

सैन्याबाहेर या कामाची मिळकत बेभरवशाची. हंगाम असतो तोवर शिबिरं, मग शाळा-कंपन्यांच्या सहली, चित्रीकरणाला सल्ला, एखादं पुस्तक. पन्नाशीत गुडघे बोलू लागतात, तेव्हा स्वतःची संस्था असेल तर निभतं.

सह्याद्रीत हे काम पिढ्यान्‌पिढ्या ठाकर, महादेव कोळी आणि कातकरी वाटाड्यांनी केलं आहे. उन्हाळ्यात कोणतं टाकं आटतं, आग्या मोहोळाच्या कड्याखाली धूर का करायचा नाही, पावसात कुठला ओढा तासाभरात चढतो, हे त्यांना पाठ असतं. अपघात झालाच, तर लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे स्वयंसेवक दोर घेऊन दरीत उतरतात. २०२१ मध्ये राज्यानं साहसी पर्यटनाचं धोरण आणलं आणि आयोजकांना नोंदणीच्या चौकटीत घेतलं. तरीही मुलाला शिबिराला पाठवणाऱ्या पालकांनी काही प्रश्न स्वतःच विचारायला हवेत. नोंदणी आहे का? किती मुलांमागे एक प्रशिक्षक? त्यानं प्रथमोपचाराचं शिक्षण कुठे आणि कधी घेतलं? सोबत गावातला वाटाड्या आहे का? आणि माथा गाठला नसला तरी किती वाजता मागे फिरायचं, हे आधी ठरलेलं आहे का?