विश्वाचा विस्तार व धर्मशिक्षकाचे उत्तर

उत्पत्तीचा पहिला अध्याय शिकविताना धर्मशिक्षकास आज एक प्रश्न हटकून विचारला जातो : विश्वाचे वय अब्जावधी वर्षे असेल, तर सहा दिवसांचे काय ? उत्तर देण्यापूर्वी खगोलशास्त्र नेमके काय सांगते व कशाच्या आधारे सांगते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रकाश एका सेकंदात सुमारे ३ लक्ष किलोमीटर अंतर तोडतो. सूर्याचा प्रकाश आपणापर्यंत सुमारे ८ मिनिटांत पोहोचतो. सूर्यानंतरच्या सर्वांत जवळच्या ताऱ्याच्या प्रकाशास ४ वर्षांहून अधिक काळ लागतो. प्रकाशाने एका वर्षात आक्रमिलेले अंतर म्हणजे प्रकाशवर्ष. आपली आकाशगंगा सुमारे १ लक्ष प्रकाशवर्षे रुंद असून सूर्य तिच्या केंद्रापासून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर आहे.

ही अंतरे मोजली कशी ? काही ताऱ्यांचे तेज ठरावीक कालावधीने कमीअधिक होत असते. हा कालावधी जितका दीर्घ, तितके ताऱ्याचे मूळ तेज अधिक, हा नियम हेन्रिएटा लेव्हिट या विदुषीने १९१२ साली मांडला. मूळ तेज कळले, की ते दिसणाऱ्या तेजाशी ताडून अंतर काढता येते. दूरचा कंदील मिणमिणता दिसतो, त्यातलाच हा प्रकार. १९२३ साली एडविन हबल यांना देवयानी तारकासमूहातील तेजोमेघात असाच एक तारा आढळला, आणि तो मेघ आकाशगंगेच्या फार पलीकडील स्वतंत्र दीर्घिका असल्याचे सिद्ध झाले. तिचे अंतर आज सुमारे २५ लक्ष प्रकाशवर्षे मानले जाते.

दीर्घिकांचे समूह असतात व समूहांचे महासमूह. पुण्याच्या आयुका व अन्य भारतीय संस्थांतील संशोधकांनी २०१७ साली 'सरस्वती' नावाचा महासमूह शोधल्याचे जाहीर केले. तो सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणजे त्याचा जो प्रकाश आज दुर्बिणीत दिसतो, तो तेथून निघाला तेव्हा पृथ्वीवर मनुष्य नव्हता. अंतराचा प्रश्न असा आपोआप काळाचा प्रश्न होतो.

येथे एका धर्मगुरूचे स्मरण उचित ठरेल. बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र यांना १९२३ साली गुरुदीक्षा मिळाली. विश्व प्रसरण पावत आहे, हे त्यांनी १९२७ साली गणिताने दाखविले. दीर्घिका जितकी दूर, तितक्या अधिक वेगाने ती दूर जाते, असे हबल यांच्या निरीक्षणांतून १९२९ साली दिसून आले. १९३१ साली लमेत्र यांनी विश्वाचा आरंभ एका आदिअणूपासून झाला असावा, अशी कल्पना मांडली. विश्वाचे वय आज सुमारे १३८० कोटी वर्षे मानले जाते.

१९५१ साली पोप बारावे पायस यांनी आपल्या भाषणात या नव्या शोधांचा संबंध निर्मितीच्या सिद्धांताशी जोडला. लमेत्र यांना ते रुचले नाही. आपला सिद्धांत धार्मिक प्रश्नांच्या कक्षेबाहेरचा आहे, असे त्यांनी १९५८ साली स्पष्टपणे मांडले. ही भूमिका श्रद्धेच्या अभावातून आलेली नव्हती. ते अखेरपर्यंत धर्मगुरूच राहिले. वैज्ञानिक सिद्धांत नव्या पुराव्याने बदलू शकतो. श्रद्धा त्यावर उभारली, तर सिद्धांताबरोबर तीही डळमळते.

म्हणून दोन मोह टाळावेत. विज्ञान खोटे आहे, असे सांगितल्यास पुस्तकात निराळे वाचणारा विद्यार्थी आपले पुढील बोलणेही खोटे मानील. संत ऑगस्तिन यांनी पाचव्या शतकाच्या आरंभी हाच धोका दाखविला होता. विज्ञानाने देव सिद्ध केला, असे सांगणे हा दुसरा मोह. विश्व केवढे व किती जुने, हे मोजमापाने कळते. ते कोणाचे व कशासाठी, हे उत्पत्तीचा अध्याय सांगतो. वर्गात हे दोन प्रश्न प्रथम वेगळे करून द्यावेत. मग सहा दिवसांविषयी बोलणे सोपे जाते.