‘न्हाणीघरात घसरले’मागचे दुखणे

‘हात कसा मोडला?’

‘न्हाणीघरात घसरले.’

उत्तर देण्याआधी बाईची नजर शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे जाते. प्लास्टर होते, गोळ्या लिहून दिल्या जातात आणि ती त्याच घरी परतते. काही महिन्यांनी पुन्हा येते. या वेळी ती जिन्यावरून पडलेली असते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १८ ते ४९ वयोगटातल्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के जणींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचे सांगितले. हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी मदत मागणाऱ्या मात्र जेमतेम १४ टक्के होत्या. पोलीस ठाण्याची पायरी चढायला बाई कचरते, पण जखम झाली की दवाखान्यात तिला यावेच लागते. म्हणूनच मदतीची सुरुवात तिथे होऊ शकते.

हे ओळखून मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र सुरू केले. रुग्णालयातल्या इतर विभागांसारखाच हा एक विभाग. डॉक्टर-परिचारिकांना हिंसेच्या खुणा ओळखण्याचे प्रशिक्षण मिळाले आणि संशय आला की बाईला समुपदेशकाकडे पाठवण्याची पद्धत पडली. घरी जाणे धोक्याचे असेल, तर तिला तात्पुरते रुग्णालयातच ठेवून घेता येते. ‘दवाखान्यात जाऊन येते’ एवढे सांगून ती घराबाहेर पडू शकते, हा या केंद्राचा मोठा फायदा. पुढे महापालिकेच्या इतर रुग्णालयांतही ‘दिलासा’ पोहोचले. केरळमध्ये ‘भूमिका’ आणि हरियाणात ‘सुकून’ या नावांनी सरकारी रुग्णालयांत अशीच केंद्रे उभी राहिली.

खुणा कोणत्या? सांगितलेल्या कारणाशी न जुळणारी जखम, उपचाराला झालेला उशीर, वारंवार होणारा गर्भपात, तपासण्यांत काहीच न सापडणारी जुनी डोकेदुखी किंवा पोटदुखी, ‘चुकून’ पोटात गेलेले फिनेल. अशा वेळी तिला एकटीला बसवून विचारावे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. ऐकून घ्यावे, विश्वास ठेवावा, दोष देऊ नये, तिच्या सुरक्षिततेचा विचार करावा आणि पुढची मदत जोडून द्यावी. ‘तुम्ही असे काय केलेत?’ या एका प्रश्नाने ती कायमची गप्प होऊ शकते. नवरा सोडायचा की नाही, हा निर्णय तिचाच. डॉक्टरांनी तो तिच्यावर लादू नये.

कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यानुसार (२००५) पीडितेने मागितल्यास वैद्यकीय मदत देणे आरोग्य संस्थेवर बंधनकारक आहे. बलात्कार आणि ॲसिड हल्ल्यातील पीडितांना सरकारी व खासगी अशा सर्वच रुग्णालयांनी तातडीने मोफत उपचार द्यायचे असतात. पोलिसांत आधी तक्रार झाली आहे की नाही, यावरून उपचार अडवता येत नाहीत.

केसपेपरवर जखमेची जागा, आकार आणि बाईने सांगितलेले कारण नीट लिहिले गेले, तर तोच कागद उद्या न्यायालयात तिच्या बाजूने उभा राहतो. मदतीसाठी महिला हेल्पलाइन १८१, मुलांसाठी १०९८ आणि तातडीच्या प्रसंगी ११२ हे क्रमांक आहेत. ते घरातल्या मुलीलाही पाठ असू द्यावेत.