वारंवार पडणारा ईएलसीबी : दोष खटक्याचा की घराचा?

चवथ तोंडावर आली की गोव्यातील वर्षभर बंद असलेली मूळ घरे उघडली जातात. पडवीत दिव्यांच्या माळा लागतात, विहिरीवरचा पंप सुरू होतो, न्हाणीघरातील गिझर कित्येक महिन्यांनी तापतो. अशा वेळी नेमका मीटरजवळच्या बोर्डातील मोठा खटका पडतो आणि घर काळोखात बुडते. खटका वर केला की पुन्हा पडतो. तिसऱ्या-चौथ्या खेपेस कोणीतरी सुचवतो, ‘सध्या डायरेक्ट करून घेऊ, चवथ झाल्यावर पाहू.’ पाहुण्यांनी आणि लहान मुलांनी भरलेल्या ओलसर घरात याहून धोकादायक सल्ला दुसरा नसेल.

हा खटका म्हणजे लोकांच्या तोंडी रुळलेला ‘ईएलसीबी’. आज मिळणाऱ्या उपकरणाचे खरे नाव आरसीसीबी. त्याच्या शेजारी ओळीने बसवलेले अरुंद खटके म्हणजे एमसीबी. ते जादा भार किंवा शॉर्टसर्किट झाल्यास पडतात. आरसीसीबीचे काम निराळे आहे. फेजमधून घरात गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो की नाही, एवढेच तो अखंड तपासत असतो. परत येणारा प्रवाह कमी पडला, म्हणजे उरलेला ओल्या भिंतीतून, यंत्राच्या धातूच्या अंगातून किंवा माणसाच्या शरीरातून जमिनीत चालला आहे. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअरच्या गळतीला सेकंदाच्या तीन दशांशाच्या आत वीज तोडतो. गळती मोठी असेल तर त्याहून पुष्कळ लवकर. अमेरिकेत असे संरक्षण न्हाणीघरातील वा स्वयंपाकघरातील सॉकेटमध्येच दिलेले असते. आपल्याकडे बहुधा साऱ्या घराला मिळून एकच उपकरण असते; त्यामुळे एका कोपऱ्यातील दोषाने सगळे घर काळोखात जाते आणि तो कोपरा हुडकणे भाग पडते.

शोधाची सुरुवात कोरड्या हातांनी आणि पायांत रबरी चपला घालून करावी. बोर्डात पाणी उतरले असेल, जळका वास येत असेल किंवा नळाला हात लावताच झिणझिण्या जाणवत असतील, तर काहीही न तपासता मुख्य वीज बंद करून जाणकाराला बोलवावे. तसे नसेल तर सर्व उपकरणांचे प्लग सॉकेटमधून काढावेत. नुसते बटण बंद करून भागत नाही, कारण बटण फक्त एकच तार तोडते. मग सगळे एमसीबी खाली करून आरसीसीबी वर करावा आणि एमसीबी एकेक करून चढवावेत. ज्याच्या वेळी खटका पडेल, त्या मार्गावरच्या वायरिंगमध्ये दोष आहे. एकाही वेळी पडला नाही, तर प्लग एकेक करून लावत जावे. दोषी उपकरण बहुधा इथेच सापडते.

पहिला संशय गिझरवर घ्यावा. त्याच्या धातूच्या नळीत तापणाऱ्या तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी भरलेली असते. गिझर महिनोन् महिने बंद राहिला की ही भुकटी दमट हवेतील ओलावा शोषते, आणि नळीला बारीक चीर गेली असेल तर पाणीही. त्यानंतर क्रम लागतो पंप, वॉशिंग मशीन, फाटकावरचा दिवा आणि पावसाच्या झडीत सापडलेल्या घंटेच्या बटणाचा. चिऱ्याच्या भिंतीतील स्विचबोर्डात मुंग्यांनी घर केलेले आढळणे, हाही आपल्याकडचा नेहमीचाच प्रकार.

कधी मात्र सगळे एमसीबी खाली असतानाही खटका टिकत नाही. आरसीसीबीच बिघडलेला असू शकतो. पण तसा निष्कर्ष काढण्यापूर्वी न्यूट्रल तपासायला हवी. साधा एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलीच राहते. ती कोठे तरी अर्थिंगला किंवा ओल्या भिंतीला टेकली असेल, तर प्रवाह चोरवाटेने जातो. हा दोष मोठा फसवा. कधी खटका लगेच पडतो, तर कधी घरात मोठा भार सुरू झाल्यावरच. मग बिचाऱ्या इस्त्रीवर आळ येतो आणि खरा दोष पडवीतल्या दिव्याच्या तारेत निघतो. मागाहून बसवलेल्या इन्व्हर्टरमुळेही असे होते. दोन मार्गांच्या न्यूट्रल एकमेकींत मिसळल्या, की प्रवाह एका वाटेने जाऊन दुसरीने परततो आणि गळती नसतानाही आरसीसीबीला ती दिसते. इथे घरच्या माणसाचे काम संपते. न्यूट्रल वेगळ्या करणे आणि मेगर या यंत्राने तारांचे आवरण तपासणे, हे परवानाधारक इलेक्ट्रिशियननेच करावे.

त्याने मात्र काय बदलले, यावर घरमालकाची नजर असावी. ‘डायरेक्ट’ करण्याइतकीच घातक दुसरी युक्ती म्हणजे ३० ऐवजी १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवणे. खटका पडायचा थांबतो, घरही खूश होते. पण ती उपकरणे माणसाला विजेच्या धक्क्यापासून वाचवण्यासाठी नसतात. त्यांचा उपयोग मुख्यतः गळतीतून लागणारी आग टाळण्यासाठी होतो. उपकरणावर ३० मिलिअँपिअर किंवा ०.०३ अँपिअर असे छापलेले आहे ना, हे स्वतः वाचून घ्यावे.

अनेक घरांत हा खटका वर्षानुवर्षे एकदाही पडलेला नसतो. तो सुस्थितीत आहे की आतून अडकला आहे, हे त्याच्यावरचे ‘टी’ अक्षराचे बटण सांगते. ते दाबल्यावर उपकरण आतल्या आत छोटी गळती निर्माण करते आणि खटका तत्काळ पडायला हवा. ही चाचणी महिन्यातून एकदा घ्यावी. मात्र तिने फक्त उपकरणाची परीक्षा होते. अर्थिंग ठीक आहे की नाही, ते या बटणाने कळत नाही. अर्थिंग तुटलेल्या घरात गिझरच्या अंगावर वीज उतरून राहिली, तर खटका तेव्हा न पडता पहिला माणूस हात लावील तेव्हाच पडतो. तसेच कोणी फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांना एकाच वेळी स्पर्श केला, तर प्रवाह गेला तेवढाच परत येतो आणि आरसीसीबीला त्यात काहीच वावगे दिसत नाही. बटण दाबूनही खटका जागचा हलला नाही, तर पडवीत माळा लावण्याआधी आरसीसीबी बदलून घ्यावा.