फाटकावरची लोखंडी लिपी

शीव म्हणजे हद्द. मुंबई बेट इथे संपे आणि खाडीपलीकडे साष्टी सुरू होई. जेझुइट पाद्र्यांनी इथल्या प्रार्थनामंदिराला जेरुसलेमच्या झायन टेकडीचे नाव दिले, त्यावरून 'सायन' झाले, असेही सांगतात. हा वाद अभ्यासकांवर सोडू. पण धर्मस्थळाची हद्द दाखवते ते त्याचे फाटक. जुन्या चॅपलच्या फाटकावर, खिडकीच्या जाळीवर आणि छपराच्या टोकावर लोखंडात बरेच काही लिहिलेले असते.

क्रूस सर्वांनाच ओळखू येतो. त्याच्या टोकांना तीन-तीन गोल पाकळ्या असतील, तर ती पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रैक्याची खूण. चार पाकळ्यांचे फूल बहुधा मत्तय, मार्क, लूक आणि योहान या चार शुभवर्तमानकारांचे. लिलीची कळी मरियेच्या निर्मळपणाची. द्राक्षांचा घड आणि गव्हाची कणसे प्रभुभोजनाची आठवण देतात. शिखरावरचा कोंबडा पेत्राने येशूला नाकारल्याची आणि जागे राहण्याची. जहाजाचा नांगर हे आशेचे चिन्ह. 'आयएचएस' ही अक्षरे इंग्रजी वाटतात. मुळात ती ग्रीक लिपीतील येशूच्या नावाची पहिली तीन अक्षरे. जेझुइटांनी तीच आपली मुद्रा केली.

मात्र प्रत्येक कळीत धर्म शोधू नये. एकोणिसाव्या शतकात ओतीव लोखंडाचे नमुने कॅटलॉग पाहून मागवले जात. ग्लासगोच्या वॉल्टर मॅकफार्लेन यांच्या कारखान्याचे असे कॅटलॉग प्रसिद्ध होते. चर्चच्या कुंपणावरची कळी बंगल्याच्या कुंपणावरही सापडते. फ्रान्सच्या राजांचेही ते चिन्ह होते. म्हणून शेजार पाहावा. चर्च मरियेच्या नावाचे असेल आणि कळीजवळ 'एम' अक्षर गुंफलेले असेल, तर अर्थ पक्का होतो.

मुंबईची खारी, दमट हवा लोखंडाला सोसत नाही. ओतीव लोखंड ठिसूळ. साध्या वेल्डिंगने जोडायला गेले की शेजारीच तडा जातो. मग 'दुरुस्ती होत नाही' म्हणून जुने फाटक भंगारात जाते आणि साध्या चौकोनी गजांचे नवे बसते. फाटक मजबूत होते, पण लिहिलेले पुसले जाते. तसे होऊ नये म्हणून काम काढण्यापूर्वी प्रत्येक नक्षीचे माप आणि छायाचित्र घ्यावे, एक धड तुकडा जपून ठेवावा. त्यावरून साचा करून नवा ओतता येतो.

१७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी आणून अनेक देवळांत टांगल्या. भीमाशंकरच्या घंटेवर अजूनही क्रूस दिसतो. परधर्माची खूण म्हणून तो कोणी घासून काढला नाही. आपल्याच वस्तीतल्या फाटकाला तेवढी जपणूक मिळायला हरकत नाही.