काळी फोर्ड, काळी-पिवळी पद्मिनी : जुन्या गाड्यांविषयीचे गैरसमज

जुनी मोटार रस्त्यावर दिसली की लोक थांबतात, फोटो काढतात आणि जवळचा कुणीतरी हमखास एक किस्सा सांगतो. फोर्डसाहेबांना काळ्याशिवाय दुसरा रंग खपतच नसे. मारुती आली आणि अँबेसेडर संपली. पूर्वीचा पत्रा असा, की ट्रकवर आदळली तरी आतल्या माणसाला ओरखडा नाही. हे किस्से ऐकायला छान वाटतात, पण गाडीचा रंग, तिचे आयुष्य आणि तिचा शेवट ते एखाद्या माणसाच्या हट्टावर किंवा एका घटनेवर टाकून मोकळे होतात. प्रत्यक्षात या गोष्टी ठरल्या त्या पेंटशॉपमध्ये, परवान्याच्या कागदावर, संपाच्या दिवसांत आणि आरटीओच्या नियमांत. तो हिशेब समजून घेतला, तर या गाड्यांचा खरा इतिहास हाती लागतो.

गैरसमज : हेन्री फोर्डने ‘मॉडेल टी’ फक्त काळ्या रंगातच विकली.

‘मॉडेल टी’ १९०८ साली बाजारात आली. सुरुवातीच्या काही वर्षांत ती लाल, राखाडी, हिरव्या आणि निळ्या रंगांत मिळत होती. काळा रंग तेव्हा यादीतच नव्हता. ‘ग्राहकाने हवा तो रंग घ्यावा, मात्र तो काळा असावा’ अशा अर्थाचे फोर्डचे वाक्य जगभर सांगितले जाते. आपण ते १९०९ साली बोललो, असे त्याने १९२२ च्या आत्मचरित्रात लिहिले आहे. पण १९०९ साली त्याचाच कारखाना रंगीत गाड्या विकत होता.

काळ्याचे राज्य सुरू झाले १९१४ च्या सुमारास, आणि त्याचे कारण होते आदल्या वर्षी हायलंड पार्कच्या कारखान्यात सुरू झालेली फिरती जुळणी. पूर्वी एक सांगाडा जोडायला साडेबारा तास लागत, ते काम दीड तासावर आले. इतक्या वेगाने गाड्या बाहेर पडू लागल्यावर चार रंगांचे डबे, चार रंगांचे सुटे भाग आणि त्यांचे वेगवेगळे साठे सांभाळणे परवडणारे नव्हते. काळा रंग स्वस्त होता, टिकाऊ होता आणि सगळ्या भागांना चालत होता. तोही एकच काळा नव्हता. ब्रशने लावायचा वेगळा, बुडवून काढायचा वेगळा, भट्टीत वाळवायचा वेगळा, असे तीसहून अधिक प्रकारचे काळे रंग या गाडीच्या निरनिराळ्या भागांवर लागत.

हे राज्य संपवले ते मात्र एका रसायनाने. ड्यूपॉन्ट कंपनीने जनरल मोटर्सच्या मदतीने ‘ड्युको’ हे झटपट वाळणारे लॅकर तयार केले, आणि १९२३ साली जनरल मोटर्सच्याच ओकलंड गाड्या निळ्या रंगात झळकल्या. पूर्वी चांगला रंग चढवून वाळवायला दिवसच्या दिवस, कधी आठवडे जात. आता काम तासांवर आले. ग्राहक रंगांकडे वळले. फोर्डनेही १९२६ च्या मॉडेलला पुन्हा रंग दिले, पण तोवर उशीर झाला होता. दीड कोटी गाड्या विकून १९२७ साली ‘टी’ बंद झाली. नव्या ‘मॉडेल ए’ची यंत्रसामग्री बसवण्यासाठी कारखान्यांतले उत्पादन कित्येक महिने थांबले आणि त्या काळात शेव्हरोले पुढे निघून गेली.

गैरसमज : मर्सिडीजची चंदेरी झळाळी एका रात्रीत रंग खरवडल्याने आली.

गोष्ट अशी सांगतात. जून १९३४ मध्ये न्यूरबर्गरिंगवर आयफेल शर्यतीच्या आदल्या दिवशी मर्सिडीजची नवी गाडी ७५० किलोच्या मर्यादेपेक्षा एका किलोने जड भरली. मग संघाचे व्यवस्थापक आल्फ्रेड नॉयबावर यांनी पांढरा रंग रातोरात खरवडून काढायला लावला. खाली अॅल्युमिनियम चमकू लागले आणि ‘सिल्व्हर अॅरो’ जन्माला आली.

ही गोष्ट पुढे नॉयबावर यांच्याच आठवणींमुळे पसरली, आणि मोटार शर्यतींच्या इतिहासकारांनी तिच्यातल्या भेगा दाखवून दिल्या. त्या वर्षीची आयफेल शर्यत खुल्या नियमांवर झाली होती, म्हणजे ७५० किलोची अट तिथे लागूच नव्हती. शिवाय १९३२ साली बर्लिनच्या आव्हुस मार्गावर मानफ्रेड फॉन ब्राउखिट्शची मर्सिडीज उघड्या अॅल्युमिनियमच्या अंगाने धावली होती, आणि रेडिओवरच्या समालोचकाने तिला तेव्हाच चंदेरी बाण म्हटले होते.

फेरारीच्या लाल रंगाचेही तसेच. तो एन्झो फेरारीचा शोध नव्हे. आंतरराष्ट्रीय शर्यतींत देशांना रंग वाटून दिलेले होते आणि इटलीच्या वाट्याला लाल आला होता. १९६४ साली इटलीच्या मोटार संघटनेशी वाद झाला तेव्हा फेरारीच्या गाड्या मोसमाच्या अखेरच्या दोन शर्यतींत निळ्या-पांढऱ्या रंगात उतरल्या. जॉन सर्टीसने जगज्जेतेपद मिळवले ते त्याच रंगातल्या गाडीत.

गैरसमज : कारखान्याच्या दृष्टीने रंग ही किरकोळ बाब आहे.

११ मार्च २०११ ला जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर भूकंप आणि त्सुनामी आली. फुकुशिमा प्रांतातल्या ओनाहामा इथे जर्मनीच्या मर्क कंपनीचा एक कारखाना होता, तो बंद पडला. तिथे ‘झायरॅलिक’ नावाचे रंगद्रव्य तयार होत असे. उन्हात गाडीच्या अंगावर जी बारीक, खोल चमक दिसते ती यातल्या अॅल्युमिनाच्या सूक्ष्म पापुद्र्यांमुळे. हे रंगद्रव्य त्या वेळी जगात दुसरीकडे कुठेही तयार होत नव्हते.

परिणाम काही दिवसांतच अमेरिकेत दिसला. फोर्डने आपल्या विक्रेत्यांना एका विशिष्ट काळ्या आणि काही लाल छटांच्या गाड्यांची मागणी नोंदवू नका, असे कळवले. क्रायस्लरलाही अनेक रंगांवर मर्यादा घालावी लागली. इंजिन तयार, सांगाडा तयार, आणि रंगातल्या चमकीसाठी गाडी अडलेली! ओनाहामातले उत्पादन मे महिन्यात पुन्हा सुरू झाले. पुढे मर्कने जर्मनीतही हे रंगद्रव्य तयार करण्याची सोय केली. सुट्या भागांसाठी एकाच पुरवठादारावर विसंबण्याचा धोका वाहन उद्योगाला तेव्हा फार जवळून दिसला.

गैरसमज : अँबेसेडर ही अस्सल भारतीय गाडी होती आणि तिला मारुतीने मारले.

यातला पहिला अर्धा भाग निम्मा खरा आहे. अँबेसेडरचा आराखडा ब्रिटिश होता. इंग्लंडमधल्या ‘मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज ३’ या गाडीचे ते भारतीय रूप. हिंदुस्थान मोटर्सने १९५०च्या दशकाच्या अखेरीस पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाडा इथे तिचे उत्पादन सुरू केले. मात्र ती नुसती बाहेरचे भाग आणून जोडलेली गाडी राहिली नाही. ओतकाम, घडाई, पत्र्याचे साचेकाम अशी सगळी कामे उत्तरपाड्यात होऊ लागली आणि गाडी खऱ्या अर्थाने इथे तयार झाली.

दुसरा भाग मात्र टिकत नाही. मारुती ८०० रस्त्यावर आली डिसेंबर १९८३ मध्ये. अँबेसेडर बंद पडली मे २०१४ मध्ये, म्हणजे तब्बल तीस वर्षांनी. गंमत अशी की खुद्द मारुती ८०० चे उत्पादनही त्याच वर्षी, जानेवारीत थांबले होते. ऐंशीच्या दशकात वर्षाला २४ हजारांच्या आसपास अँबेसेडर विकल्या जात. शेवटच्या पूर्ण आर्थिक वर्षात तो आकडा सुमारे २,२०० वर आला.

मधल्या काळात काय झाले? परवाना पद्धतीत किती गाड्या बनवायच्या हे सरकार ठरवत असे आणि ग्राहक वर्षानुवर्षे रांगेत उभा असे. अशा बाजारात आराखडा बदलण्याची निकड कंपनीला वाटली नाही. रांग संपली तेव्हा नव्या गाडीसाठी पैसा नव्हता. सरकारी खाती आणि टॅक्सीवाले हे दोन ग्राहक तेवढे उरले. २०१० पासून मोठ्या शहरांत बीएस-४ प्रदूषण निकष लागू झाले आणि टॅक्सीचा बाजारही हातचा गेला. निकषांत बसणारे मॉडेल आले ते २०१३ साली. कारखाना थांबवताना कंपनीने स्वतः दिलेली कारणे होती कमी उत्पादकता, वाढती बेशिस्त, पैशांची चणचण, घटलेली मागणी आणि साचलेली देणी. एका प्रतिस्पर्ध्याचे नाव घेऊन हा सगळा हिशेब मिटत नाही.

गैरसमज : मुंबईची पद्मिनी टॅक्सी सरकारने बंदी घालून हटवली.

पद्मिनीची गोष्ट मुळात मराठी मातीतल्या एका उद्योजकाची. सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी क्रायस्लरच्या गाड्या निघाल्या, मग फियाटशी करार झाला. १९६४ साली आलेली ‘फियाट ११०० डिलाइट’ हीच पुढे १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हणून ओळखली गेली.

मुंबईकरांना ती आठवते ती टॅक्सी म्हणून. स्टिअरिंगच्या दांड्याला असलेला गिअर, पुढच्या सलग सीटवर चालकाशेजारी खेटून बसलेला चौथा प्रवासी, टपावरच्या कॅरिअरवर दोरीने आवळलेल्या ट्रंका आणि वळकट्या. मीटर गाडीच्या बाहेर, डाव्या अंगाला. प्रवासी बसला की चालक हात लांब करून ते खाली पाडणार आणि मगच गिअर टाकणार. नव्वदच्या दशकात शहरात ६० हजारांहून अधिक टॅक्सी होत्या आणि त्यांत पद्मिनीचेच वर्चस्व होते.

तिच्यावर नाव घेऊन बंदी कधीच आली नाही. उत्पादन कारखान्यातच थांबले, या शतकाच्या आरंभी. परवाना पद्धत गेल्यावर प्रीमियरने प्यूजो आणि फियाटशी भागीदारी करून पाहिली. १९९६ च्या सुमारास फियाट उनोसाठी अडीच लाखांहून अधिक लोकांनी नोंदणी केली होती. इतका विश्वास त्या काळी फार थोड्या गाड्यांच्या वाट्याला आला. पण कामगार संपामुळे गाड्या वेळेवर मिळाल्या नाहीत. लोकांनी पैसे परत मागितले आणि ती संधी हातची गेली.

रस्त्यावरच्या टॅक्सी संपल्या त्या वयोमर्यादेने. मुंबईत टॅक्सीचे कमाल वय आधी २५ वर्षे होते, ते पुढे २० वर आणले गेले. ताडदेव आरटीओत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी झाली २९ ऑक्टोबर २००३ रोजी. तिची २० वर्षे भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या टॅक्सीताफ्यात अधिकृतपणे एकही पद्मिनी उरली नाही. वयोमर्यादा २० वर आली, तेव्हाच ही तारीख ठरून गेली होती. एवढ्या मुदतीत काही गाड्या शहराच्या खर्चाने जपायला हव्या होत्या, ही हळहळ मात्र रास्त आहे.

गैरसमज : जुना पत्रा जाड, म्हणून जुनी गाडी जास्त सुरक्षित.

अमेरिकेतल्या ‘इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी’ या संस्थेने २००९ साली याची थेट परीक्षाच घेतली. १९५९ ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ ची शेव्हरोले मालिबू या दोन गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने समोरासमोर, पण पूर्ण रुंदीने नव्हे तर एका बाजूने आदळवल्या. जाडजूड दिसणाऱ्या बेल एअरचा बसण्याचा भागच चेमटला, स्टिअरिंग मागे घुसले आणि चालकाच्या जागी ठेवलेल्या पुतळ्याला झालेल्या इजा जीवघेण्या ठरल्या. मालिबूचा पुढचा भाग पार चुरगळला, पण आतली जागा शाबूत राहिली. तिच्या चालकाला पायाची किरकोळ दुखापत झाली असती.

नव्या गाडीचे नाक मुद्दाम चुरगळेल असे बनवलेले असते. धक्क्याची ऊर्जा तिथेच खर्ची पडते आणि माणसापर्यंत कमी पोचते. पुढे अशी सोय नसेल, तर तोच धक्का आत, बसण्याच्या भागापर्यंत जातो. जुनी गाडी जरूर चालवावी, पण सावकाश.

गैरसमज : १५ वर्षे झाली की गाडी एकतर भंगार, नाहीतर ‘व्हिंटेज’.

दोन्ही चूक. दिल्ली परिसराचे नियम वेगळे आहेत; महाराष्ट्रात खासगी गाडीची १५ वर्षांची नोंदणी संपल्यावर आरटीओत तपासणी करून, पर्यावरण कर भरून ती पाच-पाच वर्षांनी वाढवता येते.

‘व्हिंटेज’ ही मात्र २०२१ पासून कायद्यातली निश्चित वर्गवारी आहे. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेली, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी त्यात येते. सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल केलेला नसावा, ही महत्त्वाची अट. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे, नूतनीकरणाला पाच हजार. नंबरप्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणे किंवा देखभाल यांसाठीच रस्त्यावर काढता येते. रोज कामावर जायला नाही.

रंगाच्या बाबतीतही एक नियम अनेकांना ठाऊक नसतो. जुनी जीप हौसेने लष्करी हिरव्या रंगात रंगवणारे बरेच आहेत, पण केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ नुसार तो ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण दलांच्या वाहनांसाठी राखीव आहे.

१९७४ साली पद्मिनी या नावाने नोंदलेल्या पहिल्या गाड्या २०२४ पासून व्हिंटेजच्या वयात येऊ लागल्या आहेत. कुणाच्या घरामागे, शेडमध्ये, ताडपत्रीखाली अशी एखादी खासगी पद्मिनी उभी असेल, तर जुने आरसी पुस्तक जपून ठेवावे आणि मूळ पेट्रोल इंजिन काढून दुसरे बसवण्याचा सल्ला कुणी दिला तरी तो मानू नये. इंजिन बदलले, की ही नोंदणी मिळण्याची वाट बंद होते.