सणांच्या गर्दीत लहानग्यांच्या वाट्याचे काम

घटस्थापनेपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंतचा दीड महिना म्हणजे लहान मुले असलेल्या घरासाठी आनंदाचा आणि तितक्याच ओढाताणीचा काळ. भोंडला, दसरा, कोजागरी, दिवाळी, मधल्या सुटीतल्या सहली आणि नातलगांच्या भेटीगाठी. हे सारे दोन-चार वर्षांच्या मुलापर्यंत नेमके कसे पोहोचते?

पावसाळा सरतो, आभाळ निवळते आणि अश्विन उजाडतो. अश्विन शुद्ध प्रतिपदेला घट बसतात. दहाव्या दिवशी दसरा, पौर्णिमेला कोजागरी, वद्य पक्षाच्या अखेरीस वसुबारसेपासून दिवाळी आणि मग पाडवा, भाऊबीज, तुळशीचे लग्न असे करत कार्तिक पौर्णिमेला त्रिपूर पाजळेपर्यंत एकूण पंचेचाळीस तिथी होतात. वर्षातल्या दुसऱ्या कोणत्याही दीड महिन्यात सणांची इतकी दाटी क्वचितच आढळते.

या दाटीमागे शेतीचा हिशेब आहे. मूग आणि उडीद तोवर घरात आलेले असतात, बाजरी खळ्यावर येते, भाताच्या लोंब्या पिवळ्या पडू लागतात. कोकणात दसऱ्याच्या सुमारास नव्या भाताच्या लोंब्यांचे तोरण दाराला बांधतात ते याच आनंदाने. धान्य हाताशी आलेले, वाटा कोरड्या झालेल्या, माहेरवाशिणींना येण्याजाण्याची सोय झालेली. म्हणूनच हे सण या ऋतूत बहरले.

शहरातल्या कुटुंबाला मात्र असा उसंतीचा काळ मिळत नाही. कार्यालये चालू असतात, थोरल्या मुलांची सहामाही परीक्षा तोंडावर असते आणि सणांच्या तारखा दरवर्षी हलतात. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्याने सण पुढच्या वर्षी अलीकडे येतात आणि अधिक मास आला की पुन्हा पलीकडे जातात. २०२५ चे लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला, तर २०२६ चे ८ नोव्हेंबरला. त्यामुळे एका वर्षी नवरात्र परीक्षेत अडकते, तर दुसऱ्या वर्षी दिवाळीचे पहाटेचे स्नान थंडीत कुडकुडवते. मग उरलेल्या शनिवार-रविवारांत दांडिया, खरेदी, आजोळची फेरी, फुलांच्या पठाराची सहल आणि मित्रमंडळींचे फराळ हे सारे बसवण्याची धडपड सुरू होते. विभक्त कुटुंबात वाढणाऱ्या मुलाला सण कळावेत, ही त्यामागची पालकांची तळमळ खरीच असते. पण तिच्यापायी मूल एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेले जाते आणि बहुतेक ठिकाणी त्याच्या वाट्याला नवे कपडे घालून उभे राहण्यापलीकडे काही येत नाही.

प्रत्येक सणात एक लहान काम

जुन्या रीती बारकाईने पाहिल्या तर एक गोष्ट ध्यानात येते. यातल्या जवळपास प्रत्येक सणात लहान मुलाच्या हाताला झेपेल असे एक काम राखून ठेवलेले आहे.

घटाखालच्या मातीत धान्य पेरायचे आणि रोज थोडे पाणी शिंपडायचे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर आलेला पांढुरका कोंब हा तीन वर्षांच्या मुलासाठी वनस्पतिशास्त्राचा पहिला धडाच असतो. भोंडल्यात पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरता येण्यासाठी चालता येणे एवढीच पात्रता लागते आणि शेवटी खिरापत ओळखण्याच्या खेळात लहान-मोठे सारे एका पातळीवर येतात. सातारा-कोल्हापूरकडे हादगा, खानदेश-विदर्भात भुलाबाई अशी नावे आणि रीती बदलतात. पण मुलींचा फेर, गाणी आणि खाऊ हे तिन्ही सर्वत्र आहेत.

दसऱ्याला पाटीवर एक-एक आकडे मांडून सरस्वती काढतात. ज्या मुलाला अजून अक्षरओळख नाही, त्यालाही उभी रेघ ओढता येते. आपट्याची पाने वाटण्याचे काम तर मुलांचेच. घरातल्या वडीलधाऱ्यांपासून शेजारच्या आजोबांपर्यंत सर्वांना पान देऊन नमस्कार करताना माणसांशी बोलायचा संकोच आपोआप गळून पडतो. सीमोल्लंघन हा शब्दच सहलीचा आहे. गावाची वेस ओलांडून जाऊन यायचे, एवढाच त्याचा मूळ अर्थ. त्यासाठी दूरच्या प्रवासाची गरज नाही. मुलाने आजवर न पाहिलेल्या टेकडीपर्यंतची सायंकाळची फेरीही सीमोल्लंघनच ठरते.

कोजागरीला अनेक घरांत थोरल्या अपत्याला ओवाळतात. त्या दिवशी निरांजनाच्या उजेडात ते मूल घरातले मानकरी असते. नरकचतुर्दशीला करीट फोडण्याचा मान मुलांना मिळतो आणि गोव्यात तर नरकासुराच्या लहानशा प्रतिमा करण्यात वाड्यावाड्यांतली मुले आधीच्या कित्येक संध्याकाळी रमतात. भाऊबीजेला ओवाळणीच्या ताटातली सुपारी सांभाळणे, तुळशीच्या लग्नात अंतरपाटाआडून अक्षता टाकणे, लग्नानंतर चिंच-आवळे वाटणे, ही कामेही कोणी पाठ्यपुस्तकात लिहून ठेवलेली नाहीत. ती हातातून हातात आली आहेत.

हे काम मुलाकडून काढून घेतले की सण त्याच्यासाठी प्रेक्षकाचा होतो. आणि तीन वर्षांच्या मुलाला प्रेक्षक म्हणून फार वेळ बसता येत नाही. मग तो कंटाळतो, रडतो, हट्ट करतो. "कार्यक्रमात मूल त्रास देते" अशी तक्रार जेव्हा होते, तेव्हा बहुधा त्या कार्यक्रमात त्याला करण्याजोगे काहीच नसते.

किल्ला : सहल आणि सण यांचा दुवा

दिवाळीचा किल्ला हे या साऱ्या कामांतले सर्वांत मोठे आणि सर्वांत आवडते. विटा, दगड आणि पोती यांचा सांगाडा, त्यावर चिखलाचा लेप, वर पेरलेले अळीव किंवा मोहरी, पायथ्याशी विहीर आणि शिखरावर सिंहासनावरचे शिवाजी महाराज, हे दृश्य महाराष्ट्रातल्या वाड्यांनी, चाळींनी आणि आता गृहसंकुलांनीही जपले आहे. पेरलेली मोहरी उगवायला तीन-चार दिवस लागतात, म्हणून किल्ल्याची तयारी वसुबारसेपूर्वीच करावी लागते. वाट पाहणे हा या खेळाचाच भाग आहे. तयार साच्यातला किल्ला एका तासात उभा राहतो; पण त्यात मातीत कोपरापर्यंत हात घालण्याचे सुख नसते.

सहलीचा आणि सणाचा मेळ घालायचा असेल तर तो इथे सहज घालता येतो. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा दुर्गांची जागतिक वारसा म्हणून नोंद केली. त्यांतले अकरा महाराष्ट्रात आहेत आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. या यादीतल्या पन्हाळ्यावर थेट वाहनाने जाता येते. रायगडावर रज्जुमार्गाची सोय आहे. शिवनेरी आणि लोहगड यांना पायऱ्यांची वाट आहे. दिवाळीपूर्वी असा एकच किल्ला सावकाश पाहिला, तट कोणता, बुरूज कोणता, पाण्याचे टाके कुठे, हे मुलाला हात लावून दाखवले, तर आठवड्याभराने अंगणातला किल्ला तो वेगळ्या डोळ्यांनी रचतो. दोन दिवसांत चार ठिकाणे "करण्या"पेक्षा या एका फेरीचे मोल अधिक.

साताऱ्याजवळचे कास पठार हेही शरदाचे मोठे आकर्षण. पश्चिम घाटाचा भाग म्हणून २०१२ मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या या पठारावरचा फुलोरा साधारणपणे ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत टिकतो. खडकावरच्या मातीच्या पातळ थरात उगवणारी ही रोपे पाऊल पडले की चिरडली जातात. म्हणून फुलाजवळ उकिडवे बसून पाहायचे, तोडायचे नाही, हा नियम तिथे मुलांना आधी सांगावा लागतो. आणि मोठ्यांनी तो पाळलेला दिसला तरच मुले पाळतात.

आठवण कशाची राहते?

माणसाच्या पहिल्या आठवणी सरासरी तीन-साडेतीन वर्षांच्या वयातल्या असतात, असे मानसशास्त्रज्ञांच्या अभ्यासांतून दिसून आले आहे. म्हणजे दीड वर्षाच्या बाळासाठी आखलेली भव्य सहल पुढे त्याच्या स्मरणात राहण्याची शक्यता जवळजवळ नाही. पण याचा अर्थ त्या वयातले सण वाया जातात असा नव्हे. आठवण उरली नाही, तरी ओढ उरते. उटण्याचा वास, पणतीची ज्योत, आजीच्या मांडीवरची ऊब ही दरवर्षी त्याच वेळी, त्याच क्रमाने आली की मुलाला ती आपली वाटू लागतात. त्याच्या दृष्टीने नावीन्यापेक्षा पुनरावृत्तीला महत्त्व असते. तीच गोष्ट दहादा ऐकण्याचा हट्ट धरणारे मूल हेच तर सांगत असते.

आठवण पक्की होते ती तिच्याविषयी बोलल्याने. तुळशीच्या लग्नानंतर आठवड्याभराने "नवरदेव कोण होता? ऊस कुठे उभा केला होता?" असे सहज विचारले आणि मुलाला आपल्या शब्दांत सांगू दिले, तर त्या संध्याकाळची जितकी खूण मनावर उमटते तितकी शेकडो छायाचित्रांनी उमटत नाही.

झोप, दाणा आणि ठिणगी

या काळात मुलांच्या प्रकृतीची हेळसांड होते ती तीन ठिकाणी. पहिली झोप. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसभरात ११ ते १४ तास, तर तीन ते पाच वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप हवी, असे निद्रातज्ज्ञांचे मार्गदर्शन आहे. यात दुपारची झोपही धरलेली आहे. कोजागरीचे जागरण आणि दिवाळीची पहाट मोठ्यांना एका रात्रीत भरून काढता येते, लहानांना नाही. चंद्र दिसताच सात वाजता दुधाची वाटी देऊन मुलाला निजवल्याने कोजागरी उणी होत नाही. तान्ह्या बाळाचे अभ्यंगस्नान ऊन वर आल्यावर घातले तरी सणात काही बिघडत नाही.

दुसरे ठिकाण फराळाचे ताट. चिवड्यातले शेंगदाणे आणि डाळ्या, मसाला दुधातले सुक्या मेव्याचे तुकडे हे लहान मुलांच्या श्वासनलिकेत अडकू शकतात. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे देऊ नयेत. कूट किंवा पूड करून द्यावी. धावताना, हसताना, आडवे पडून खाऊ देऊ नये. खाता खाता मुलाला अचानक ठसका लागला, श्वासाला शिटीसारखा आवाज येऊ लागला, तर नंतर ते शांत झाले तरी डॉक्टरांना दाखवणे आवश्यक असते. नळीत राहिलेला दाणा पुढे न्यूमोनियाला कारण ठरतो. एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवणेही टाळावे.

तिसरी ठिणगी. भुईनळा निरुपद्रवी वाटतो, पण न पेटलेला भुईनळा वाकून पाहताना तोंडावर उडाल्याच्या घटना घडतात. घोळदार कृत्रिम धाग्याचे कपडे दिव्यापाशी धोक्याचे. सुती, अंगाबरोबरचे कपडे आणि पायांत बंद पादत्राणे बरी. विझलेली फुलबाजीची तारही तापलेली असते. ती पाण्याच्या बादलीत टाकावी. भाजलेच तर त्या भागावर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. बर्फ, शाई, दंतमंजन, हळद यांपैकी काहीही लावू नये. तान्ह्या मुलांच्या कानांना मोठा आवाज सहन होत नाही, हेही लक्षात ठेवायला हवे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत फटाके वाजवण्यास मनाई केली, ती शांत झोपेच्या हक्काचा विचार करूनच.

थोडे, पण मुलाच्या हातचे

दीड महिन्याची आखणी करताना एक साधी कसोटी उपयोगी पडते. या कार्यक्रमात मुलाने काय करायचे आहे? उत्तर सापडले तर जावे. "बघायचे आहे" एवढेच उत्तर असेल, तर तासाभरात परतण्याची तयारी ठेवून जावे, किंवा त्या वर्षी सोडून द्यावे. एका दिवशी एकच मोठी गोष्ट आणि दर सणानंतर एक रिकामा दिवस एवढे पाळले तरी घरातली चिडचिड निम्म्याने ओसरते. नातलगांना "यंदा जमणार नाही" हे आधीच नीट कळवण्यात अनादर नाही.

मुलाने केलेले काम ओबडधोबड होणार, हे मात्र स्वीकारावे लागते. त्याने थापलेली करंजी कळण्यावर फुटते, रांगोळीची रेघ भरकटते, पणतीचे तेल ओघळते. हे सावरायला वेळ जातो आणि तो वेळ बहुतेक घरांत एकट्या आईचा असतो. म्हणून फराळाचे चार पदार्थ कमी झाले तरी चालतील, पण सावरायला घरातले दुसरे कोणीतरी हवे. बाबांनी पीठ मळावे, आजोबांनी माती चाळावी, थोरल्या भावंडाने धाकट्याचा हात धरून ठिपके काढावेत.

तिथी दरवर्षी फिरून येणारच आहेत. या वर्षी हुकलेला दांडिया पुढच्या वर्षीही असेल. मूल मात्र पुढच्या वर्षी एक वर्षाने मोठे झालेले असेल. आज ज्याला जेमतेम उभी रेघ येते, त्याची पाटीवरची सरस्वती तोवर सरळ उभी राहिलेली असेल आणि यंदाची वाकडी सरस्वती पुन्हा पाहायला मिळणार नाही.