गिअरबॉक्स उघडण्यापूर्वी

मोटारीविषयी लिहिण्याचा अधिकार कला शाखेच्या विद्यार्थ्याला कोणी दिला, असे आमच्या प्राध्यापकांना वाटेल. आमच्या घरी मोटार नाही. पण माझे मामा मुलुंडला एका शेठांची गाडी चालवतात, आणि गेल्या पावसाळ्यात त्या गाडीच्या गिअरबॉक्सपायी त्यांची नोकरी जाण्याची वेळ आली होती. त्या चार दिवसांत जे समजून घ्यावे लागले, ते येथे मांडतो.

गाडी बिनक्लचची, म्हणजे स्वयंचलित गिअरची. मामांनी रविवारी मागच्या ब्रेकच्या दिव्याचा बल्ब स्वतः बदलला. सोमवारी सकाळी इंजिन सुरू झाले, पण गिअरची दांडी ‘पी’वरून हलेना. गॅरेजवाल्याने दांडी हिसकून पाहिली आणि गिअरबॉक्स उतरवावा लागेल असे सांगितले. खर्च मामांच्या तीन पगारांएवढा. शेठांचा प्रश्न एकच : “हात तूच लावला होतास ना?”

आता ही यंत्रणा काय आहे ते पाहू. साध्या गाडीत गिअर बदलताना इंजिन आणि चाके यांची ताटातूट आपण पायाने, क्लच दाबून करतो. बिनक्लचच्या गाडीत हे काम तेल करते. दोन पंखे समोरासमोर ठेवले व एकच चालू केला, तरी त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरू लागतो. हवेच्या जागी तेल घाला, म्हणजे झाले. हरमान फॉटिंगर या जर्मन अभियंत्याने या कल्पनेचे पेटंट १९०५ साली घेतले. ते जहाजांसाठी होते. मोटारीत ती मोठ्या प्रमाणावर आली ती अमेरिकेत, जनरल मोटर्सच्या १९४० सालच्या ओल्ड्समोबिल गाड्यांतून. आपल्याकडे २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर आलेला स्वस्त प्रकार मात्र निराळा. त्यात गिअरबॉक्स साधाच असतो, क्लचही असतो. फक्त तो दाबायला आपल्या पायाऐवजी यंत्राचा हात असतो.

तेलाच्या गिअरबॉक्समध्ये तेल शक्ती पोचवते, आपल्या दाबाने गिअर बदलते, भाग ओले ठेवते आणि थंडही करते. म्हणून घरगुती दुरुस्तीनंतरचे बरेच रडगाणे तेलापाशी सुरू होते. इंजिनचे तेल पुष्कळशा गाड्यांत थंड असताना मोजतात. त्याच सवयीने गिअरचे तेल थंड गाडीत मोजले तर ते कमी दिसते, कारण तापल्यावर ते फुगते. मग माणूस वरून आणखी ओततो. तेल जास्त झाले की फिरणारे भाग ते घुसळतात, फेस होतो. फेसात हवा असल्यामुळे दाब बसत नाही, इंजिन ओरडते आणि गाडी जागची हलत नाही. तेल कमी असले तरी पंप हवाच ओढतो आणि लक्षण जवळजवळ तेच दिसते. ज्या गाड्यांत मोजपट्टी असते, त्यांपैकी बहुतेकींत सपाट जमिनीवर, इंजिन तापवून, चालू ठेवून आणि दांडी सर्व जागांवरून एकदा फिरवून तेल पाहतात. काही गाड्यांत मात्र इंजिन बंद करून लगेच पाहायचे असते; तेव्हा गाडीबरोबरचे पुस्तक उघडावे. (हे पुस्तक बहुधा प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर निघालेलेच नसते.) याहून मोठी फसगत म्हणजे इंजिनाचे समजून गिअरबॉक्सचेच तेल काढणे. खालून पाहिले तर दोन्हींचे बोल्ट सारखेच दिसतात. मग गिअरबॉक्स कोरडा, आणि इंजिनात जुन्या तेलावर नवे तेल.

तेलाचा रंगही बोलतो. पुष्कळ गाड्यांत नवे तेल लाल असते. काळे पडून करपट वास आला, तर आतील क्लचच्या चकत्या जळत आहेत. गुलाबी दुधासारखे झाले, तर पाणी शिरले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तसा एखादा दिवस पुन्हा आला आणि गाडी बुडाली, तर ती सुरू करून पाहण्याचा मोह टाळावा. बंद गाडी दोरी बांधून ओढत नेणेही घातक, कारण इंजिन बंद म्हणजे पंप बंद, आणि चाकांबरोबर आतले भाग कोरडे फिरतात. ज्या चाकांना इंजिनाची शक्ती मिळते, ती उचलूनच न्यावी.

पण तेलाला हात न लावताही गिअर बिघडल्यासारखा वाटतो. बॅटरीची तार काढली की काही गाड्यांतील संगणक शिकलेले विसरतो आणि थोडे दिवस गिअर झटक्याने पडतात. हवेची जाळी साफ करताना सेन्सरची वायर सुटी राहिली, तर काही गाड्या एकाच गिअरमध्ये अडून बसतात. म्हणून काय बिघडले हे विचारण्याआधी कालपर्यंत चालणाऱ्या गाडीत आपण कुठे कुठे हात घातला, हे विचारावे आणि त्याच वाटेने उलटे जावे.

आम्ही तेच केले. दांडी ‘पी’वरून सुटण्यासाठी ब्रेक दाबलेला असावा लागतो, ब्रेक दाबल्याची खबर ब्रेकच्या दिव्याच्या बटणाकडून जाते, आणि मगच आतली खिट्टी सुटते. हे वाचनालयातील एका जुन्या पुस्तकात सापडले. गुरुवारी संध्याकाळी मी गाडीच्या मागे उभा राहिलो. मला एवढेच येत होते. मामांनी ब्रेक दाबला. एकही दिवा लागला नाही.

पुढचे काम मामांचे. त्यांनी फ्यूज काढला. आतली तार तुटलेली होती. मी नवा घालायला निघालो, तर म्हणाले, “थांब रे, तो का गेला ते आधी बघू.” दिव्याचे झाकण उघडले. रविवारी ते बसवताना एक वायर स्क्रूखाली चेपली गेली होती व तिचे उघडे तांबे पत्र्याला टेकत होते. वायरवर टेप गुंडाळली, तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज घातला, आणि मी पुन्हा मागे जाऊन उभा राहिलो. भिंत लाल झाली. दांडी लोण्यातून जावी तशी सरकली.

गिअरबॉक्स शाबूत होता. चूक मात्र मामांचीच होती. ती शेठांना सांगायची की नुसते “झाली दुरुस्त” म्हणायचे, यावर मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत आम्ही गाडीच्या दारात उभे राहून बोलत होतो. दुसऱ्या दिवशी मामांनी जळका फ्यूज खिशात घालून नेला.